सरांनी दिलेला गृहपाठ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एवढेच सांगितले, "तू जन्मभर इतिहास शिकवलास, तेव्हा इतिहासावरच लिही, पण सनावळ्या आवर." आवरण्याचा प्रयत्न करतो. विषय मात्र आपल्याच आठवीच्या वर्गातला आहे.

१९८४ च्या दहावीच्या तुकडीतल्या काहींना आठवत असेल. आठवीत सर एकोणिसावे शतक शिकवत होते. मिशनरींच्या शाळांचा उल्लेख आला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्याकडे बघत म्हणाले, "हे लोक दुष्काळात बाटलेले आहेत, सर. ज्वारीसाठी." वर्ग हसला. मीही हसलो, कारण न हसणे जास्त अवघड होते. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "ज्वारीसाठी आले असं धरू. मग ज्वारी संपल्यावर परत का गेले नाहीत? हा गृहपाठ. ज्याला जमेल त्याने उत्तर आणावं."

दुसऱ्या दिवशी कोणी उत्तर आणले नाही. सरांनीही विचारले नाही. सर आज आपल्यात नाहीत. ज्याने तो शेरा मारला तो माझा जवळचा मित्र आहे आणि या मेळाव्याच्या जेवणाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे आहे, म्हणून जपून लिहितो. चाळीस वर्षे उशिरा का होईना, गृहपाठ पूर्ण करून देतो.

आधी हे कबूल करायला हवे की शेरा अगदीच खोटा नव्हता. पण तो अपुरा होता. मराठवाड्यात ख्रिस्ती धर्माची सुरुवात ज्वारीपासून होत नाही. ती ज्यांच्यापासून होते त्यांत एक नाव फार मोठे आहे, नारायण शेषाद्री. हे ब्राह्मण घरातले, मुंबईत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या हवाली केले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले, म्हणून त्यांनाही पुष्कळ सोसावे लागले. नारायण शेषाद्री १८६० नंतरच्या दशकात जालन्याला आले. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार. त्याच सुमारास औरंगाबादेत रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी असलेले पाळक काम करत होते. म्हणजे आपल्या भागातले हे पहिले प्रमुख पाळक गोरे नव्हते आणि उपाशीही नव्हते. धर्म बदलून त्यांनी मिळवले त्यापेक्षा घालवले जास्त.

त्यानंतर दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे 'छप्पनचा' म्हणत. मिशनांनी अन्नछत्रे उघडली, कामे काढली, पोरकी मुले सांभाळली. लोक आले. माझे पणजोबा औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून असेच चालत निघाले आणि बाप्तिस्मा घेऊन परत आले, असे घरात सांगत. पोटासाठी गेले का? गेले असतील. उपाशी माणसाने पोटासाठी चालणे यात लाज कसली?

पण दुष्काळ फक्त श्रद्धा देतो असे नाही, तो श्रद्धा मोडतोही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत कुटुंबासह फिरत होते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण भुकेने गेली. उरलेले भाऊ आणि रमाबाई पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. त्या उपासमारीत रमाबाईंची जुनी श्रद्धा ढासळली आणि नवी मिळायला कितीतरी वर्षे लागली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या उपाशी नव्हत्या. १८९६ च्या दुष्काळात मात्र त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-स्त्रियांना केडगावला घेऊन आल्या. उपास काय असतो ते त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्यांची मुलगी मनोरमा हिने निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींसाठी शाळा काढली. १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. एकुलत्या मुलीनंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या, पण बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी खाली ठेवले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

ही मोठी माणसे झाली. सरांचा प्रश्न लहान माणसांबद्दल होता. ज्वारी संपल्यावर काय झाले?

ज्वारी खरोखरच संपली. परदेशातून येणारा पैसा आटत गेला, स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी एकेक करून गेले. खेड्यात उरली ती पत्र्याची एक खोली आणि महिन्यातून एकदा सायकलवर येणारे पाळक. आणि मग १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानले जाणार नाही, असे त्यात होते. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. म्हणजे घर गावकुसाबाहेरच, विहिरीवरची मनाई तीच, पाटलाची हाकही तशीच. पण सवलत गेली. आता हिशेब उलटा झाला. ख्रिस्ती होण्यात फायदा उरला नव्हता, ख्रिस्ती राहण्यात रोख तोटा होता.

आमच्या घरात या हिशेबाची दोन उत्तरे निघाली. वडील आणि काका दोघेही नांदेडला उस्मानशाही मिलमध्ये कामाला. १९७८ च्या जूनमध्ये मी आणि माझा चुलतभाऊ पाचवीत आपल्या शाळेत आलो. वडिलांनी माझ्या दाखल्यावर 'ख्रिश्चन' लिहिले. काकांना पाच मुले होती. त्यांनी 'हिंदू मांग' लिहिले. एका आजोबांचे दोन नातू, एका बाकावर बसणारे, आणि एकाच हजेरीपटावर दोन धर्मांचे! त्याला शिष्यवृत्ती मिळाली, मला नाही. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. जातीचे नाव विचारले की पोटात गोळा येण्याचे ते दिवस होते. आम्ही दोघांनीही ठरवून टाकले होते की रविवारी सकाळी आपण कुठे जातो हे शाळेत कुणाला सांगायचे नाही. आठवीत तो शेरा आला तेव्हा वर्गाने माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मनातल्या मनात मी त्याला त्याबद्दल बरीच वर्षे माफ केले नव्हते.

आता आजीबद्दल. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी बहुतेकांनी आईच्या कडेवरून पाहिला. आमची आजी तेव्हा गावी खडी फोडायच्या कामावर होती. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी, हे तेव्हाचे जेवण. कामाला सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. रविवारी खाडा केला तर मस्टरवर मजुरी बुडणार. तेव्हा आजीने आणि आणखी चार घरांनी उपासनाच बाजाराच्या दिवशी घेतली, कामाच्याच जागी, लिंबाखाली. वाचता येणारे एकच माणूस, ते नेमके तापाने पडलेले. म्हणून पाठ होते तेवढे म्हटले आणि घरी गेले. मी मोठेपणी तिला विचारले होते, "आजी, रविवार सोडून उपासना चालते का गं?" ती म्हणाली, "रविवार देवाचा, बाजारवार काय सैतानाचा हाय का रं?"

त्याच दुष्काळात, बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नुकतेच येऊन राहिले होते. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले, १९७० मध्ये आलेले. त्यांनी लोकांना विचारले तेव्हा लोकांनी दवाखाना नाही, पाणी आणि अन्न मागितले. मग डॉक्टरांनी कूपनलिकांचे काम हाती घेतले आणि हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले, म्हणजे पाण्यासाठी सर्वांना तिथे यावे लागेल. पुढे खेड्यातल्या निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्वारी घेणारे आपण पुष्कळदा मोजले. हे दुसऱ्या बाजूचे उदाहरणही इतिहासात मोजायला हवे.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला सोपे नाही.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी आपली घरे. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरेच झोपलेल्या माणसांवर बसली. आमच्या गावची थोरली आत्या आणि तिचे यजमान त्यात होते.

नांदेडलाही धक्का जाणवला होता. दुपारपर्यंत बातम्या आल्या आणि मी व चुलतभाऊ मिळेल त्या ट्रकने निघालो. पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. गाव ओळखू येत नव्हते. गल्ल्या कुठे होत्या तेच कळेना. जवान ढिगारे उपसत होते. आत्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडली. गावात सरणे सामुदायिक पेटत होती, घरांच्याच तुळया आणि दारे रचून. एका सरणावर किती जण, याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते, कारण रोगराईची भीती होती आणि लाकूड भिजत होते.

आम्ही मृताला दफन करतो. पुनरुत्थानाची आशा धरून मातीत ठेवतो. मी हट्ट धरला की आत्याला आणि मामांना दफनच करायचे. चुलतभाऊ म्हणाला, "खड्डा कोण खणणार? जिवंत माणसं अजून खाली आहेत. ती गावासंगं राहिली, गावासंगं जाऊ दे." त्यावर मी त्याला जे बोललो ते आजही जिभेवर आहे. मी म्हणालो, "तुझं बरंय. तुझ्या कागदावर तसंच लिहिलंय."

तो काही बोलला नाही. डोक्यावरची टोपी काढली, चिखलात गुडघे टेकले आणि मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणू लागला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न अडखळता. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी हात जोडले. मला त्यातला एक शब्दही म्हणता आला नाही. ज्याच्या दाखल्यावर 'ख्रिश्चन' लिहिले होते तो गप्प उभा होता आणि ज्याच्या दाखल्यावर 'हिंदू' लिहिले होते तो आमच्या दोघांच्या वाटची प्रार्थना करत होता.

३ ऑक्टोबरला रविवार आला. एका ताडपत्रीखाली दहा-पंधरा जण जमलो. लातूरहून एक पाळक आले होते. कोणीतरी विचारले, "हे कुणाच्या पापामुळं झालं?" तेव्हा गावोगाव हीच चर्चा होती, प्रत्येक धर्माचा माणूस कुठले ना कुठले पाप शोधत होता. पाळकांनी लूकच्या शुभवर्तमानातला शिलोहाचा बुरूज कोसळल्याचा प्रसंग काढला. त्यात अठरा माणसे मेली होती, आणि ती इतरांपेक्षा जास्त पापी होती हा समज येशूने तिथल्या तिथे नाकारला आहे. पाळकांनी तेवढेच वाचले, प्रवचन केले नाही. मग तेही आमच्याबरोबर दगड उपसायला आले.

नांदेडला परतल्यावर आजीला सांगायचे होते की तिच्या लेकीला अग्नी दिला. शब्द सापडेनात. शेवटी चुलतभावानेच सांगितले. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थडग्यावरला धोंडा लोटून त्याला भाइर येता आलं. मग राखंतून माझ्या लेकीला उठवायला त्याला काय जड जाणार हाय?" मी इतिहासाबरोबर धर्मशास्त्राचीही पुस्तके पुढे वाचली, पण याहून सरळ उत्तर मला कुठे मिळाले नाही.

भूकंपानंतर मदतीला देशभरातून सगळ्या रंगांच्या संस्था आल्या. त्यांत कासा, कॅरितास अशा चर्चशी संबंधित संस्थाही होत्या. पुन्हा कुजबुज झाली, "धान्य घेऊन आले, आता बाटवतील." आमच्या गावात त्यानंतर एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. उलट एक जण गेला. आत्याचा मुलगा त्या दिवसापासून उपासनेला आला नाही, आजही येत नाही. "देवाला त्या रात्री झोप लागली होती का?" हा त्याचा प्रश्न आहे. माझ्याकडे उत्तर नाही आणि मी त्याला उत्तर देण्याचा आव आणत नाही. नाताळला त्याच्या घरी डबा जातो, पोळ्याला त्याच्याकडून येतो.

तर सर, माझे उत्तर असे. संकटात श्रद्धा टिकवणारा माणूस म्हणजे खडकासारखा कोणी, अशी माझी लहानपणी समजूत होती. जे पाहिले ते वेगळे होते. एकटा माणूस प्रत्येक संकटात घसरतो. मी घसरलो. काका कागदावर घसरले असे मी समजत होतो, पण रविवारी ते कधी चुकले नाहीत. ज्या दिवशी एकाची पकड सुटते त्या दिवशी दुसऱ्याची घट्ट असते, म्हणून मंडळी टिकते. ज्यांना देवळाची पायरी माहीत नव्हती त्यांना या मंडळीत एका सतरंजीवर जागा मिळाली आणि एका प्याल्यातून प्रभुभोजन मिळाले. ज्वारी संपली, पण सतरंजी होतीच. लोक परत गेले नाहीत ते या जागेमुळे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत, नांदेड-लातूरकडे तर त्याहूनही कितीतरी कमी. एवढ्या थोड्या माणसांना एकमेकांशिवाय चालतच नाही.

टाळेबंदीत याची पुन्हा परीक्षा झाली. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर चर्चची दारे बंद असताना आला. आम्ही फोनवर गीते म्हटली. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचत होता. त्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राने पोलिसांचा पास मिळवून माझ्या दारात ज्वारीचे पोते आणून टाकले. मी तोंडाला रुमाल बांधून आतून ओरडलो, "आता मी बाटायचं का रे?" तो म्हणाला, "आधी भाकरी खा, मग बघू." तो आठवीतला शेरा त्याला आठवत होता, हे मला त्या दिवशी कळले.

हा लेख छापायला देण्याआधी चुलतभावाला वाचून दाखवला. दहावीनंतर त्याने त्या दाखल्यावर काही घेतले नाही. गॅरेज काढले आणि त्यावरच घर चालवले. मी विचारले, "तुझं हे सगळं छापू का?" तो म्हणाला, "छाप. आता माझ्याकडून कोण काय काढून घेणार?" मग सरणाजवळच्या त्या वाक्याबद्दल मी त्याची माफी मागितली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "बाकी बरोबर लिहिलंस. फक्त टोपी नव्हती. डोक्याला टॉवेल होता, पाऊस होता ना."

दुरुस्ती त्याच्या शब्दांत नोंदवली आहे. गृहपाठ सादर.